संडासातल्या भिंतीवरचे ठिपके

मी एक जुनं कॅलेंडर आहे. रोजच्या कामाचं नव्हे, वाढदिवसांचं. माझ्या अंगावर बारा महिने आहेत, तारखा आहेत, पण वार नाहीत आणि सालही नाही. म्हणून मी कधी शिळा होत नाही. हार्लिंगन नावाच्या डच गावातल्या एका अरुंद घरात, संडासाच्या भिंतीवर मी लटकतो. नाकं मुरडू नका, मित्रांनो! आमच्याकडे वाढदिवसांच्या कॅलेंडरची जागा तीच. तिथे माणूस निवांत बसतो, समोर बघतो आणि कुणाला शुभेच्छा द्यायच्या राहिल्या हे त्याला आठवतं.

माझा जन्म छापखान्यातला. प्रत्येक महिन्यावर एक शिडाची होडी आहे. तीनेकेबाईंनी मला आपल्या मुलाच्या, वीत्सेच्या लग्नात दिलं. देण्यापूर्वी सगळ्या गोतावळ्याची नावं त्यांनी शाईने, वळणदार अक्षरात लिहिली. पाहुणा आला की आधी माझ्यात स्वतःचं नाव शोधायचा. सीब्रेनकाकांचं नाव एकदा राहून गेलं, तर ते पँट सावरतच बाहेर आले. "मी मेलो की काय? मला कळवायचं तरी!" अशी माझी पत होती.

वीत्सेच्या बायकोचं नाव फ्राउके. मूल हवंसं वाटू लागलं तेव्हा ती पाळीच्या प्रत्येक दिवशी माझ्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका देऊ लागली. वर्षभर ते ठिपके शहाण्या मुलांसारखे वेळेवर येत राहिले. मग एका शरद ऋतूत ते थांबले आणि ती माझ्यासमोर बसून एकटीच हसली. पुढे जूनच्या पानावर हिरव्या शाईत नवं नाव आलं, मिंके. बाळ झालं की आमच्याकडे वाटतात ते बडीशेपेच्या गोळ्या पसरलेले टोस्ट पाहुण्यांनी कुरकुरत खाल्ले, तो आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस.

मिंके चार-पाच महिन्यांची झाली आणि फ्राउकेची पाळी परत आली. तिने पुन्हा पेन्सिल घेतली. पण हे ठिपके जुन्यांसारखे नव्हते. ते कधी ओळीने येत, मधेच तुटत, पुन्हा येत. अंगावरून फार जायचं. ती उठताना बेसिनला धरायची, ओठ पांढरे पडायचे. मला भीती वाटू लागली.

शेवटी तिने मला खिळ्यावरून काढलं आणि बैठकीत नेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी बैठक पाहिली. तीनेकेबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"वीत्से, हे बघ. महिन्यातले किती दिवस जातंय ते बघ. मला काहीतरी झालंय."

वीत्सेने पानं उलटली. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग एकदम खुलला. "अगं वेडाबाई! यातले कितीतरी दोन वर्षांपूर्वीचे आहेत. मिंके व्हायच्या आधीचे! या कॅलेंडरला साल कुठे असतं?"

फ्राउकेने पुन्हा पानं चाळली. खरंच, जुने कुठले आणि नवे कुठले, तिला सांगता येईना. बाळाच्या जागरणांनी तिचं डोकं आधीच सुन्न झालेलं.

"झालं ना समाधान?" तीनेकेबाई म्हणाल्या. "बाळंतपणानंतर वर्षभर पाळी अशी मागेपुढे होतेच. आम्ही काय कॅलेंडरं घेऊन बसलो होतो? आमच्याकडे म्हणतातच ना, साधंसरळ वागावं माणसाने, तेवढाच वेडेपणा पुष्कळ होतो."

"पण मला चक्कर येते."

"मग सूप पी चांगलं. आणि तो चहा कमी कर."

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. जुने ठिपके हलक्या हाताचे होते. नवे देताना ती पेन्सिल दाबायची आणि टोक कागदात रुतायचं. कुणी पानावरून नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. पण कॅलेंडरला वाचा नाही. मला पुन्हा खिळ्यावर टांगलं. त्यानंतर फ्राउकेने एकही ठिपका दिला नाही. डॉक्टरांना फोन करायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला. आपलाच गोंधळ झाला असेल, असं ती स्वतःला बजावत राहिली. रक्त मात्र थांबलं नव्हतं.

फेब्रुवारीत वीत्सेचा वाढदिवस आला. बैठकीत खुर्च्यांचं रिंगण झालं, आल्यागेल्याने आमच्या रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन केलं, केकचा एकेक तुकडा फिरला. फ्राउके संडासात आली, दाराला कडी लावली आणि माझ्याकडे बघता बघता भिंतीवरून घसरत खाली बसली. मान कलली. मी ओरडू शकत नव्हतो.

बऱ्याच वेळाने दारावर तीनेकेबाईंची थाप पडली. "फ्राउके, आटप गं, काका रांगेत उभे आहेत!" पुन्हा थाप. "फ्राउके? अगं, बोल ना!" मग तीनेकेबाईंनी कडीच्या बाहेरच्या खाचेत नाणं फिरवून ती उघडली. फरशी बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला. "वीत्से! गाडी काढ!"

दवाखान्यात तिला रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. गर्भाशयात एक लहानशी गाठ होती, ती काढली. अजून थोडा उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी तीनेकेबाईंनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पानांवरून बोट फिरवलं. नव्या ठिपक्यांशी ते बोट थांबत होतं. "मलाही असंच झालं होतं, वीत्सेच्या वेळी," त्या पुटपुटल्या. "आणि माझ्या आईनेही सूपच पाजलं होतं." त्या रडल्या. मग त्यांनी पेन काढलं आणि फेब्रुवारीच्या पानावर काहीतरी लिहिलं.

आता स्वयंपाकघरात सालाचं, वारांचं एक कॅलेंडर आलं आहे. फ्राउके त्याच्यावर लाल खुणा करते, सगळ्यांच्या देखत. विसरली तर वीत्से विचारतो.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. माझं पान फाटलं तर फाटू द्या. घरातली बाई म्हणाली की मला बरं नाही, तर कागदावरचे ठिपके मोजत बसू नका. तिच्या तोंडाकडे बघा आणि तिला डॉक्टरांकडे न्या.

यंदा वीत्सेच्या वाढदिवसाला सीब्रेनकाका माझ्यासमोरून बाहेर आले ते तक्रार घेऊनच. "तीनेके, वीत्सेच्या नावाखाली फ्राउकेचं नाव लिहिलंयस. ती ऑगस्टची आहे, चुकलंय तुझं!"

"चुकलेलं नाही," तीनेकेबाई म्हणाल्या आणि केकचा पहिला तुकडा त्यांनी सुनेच्या हातात दिला.