शून्याखालचा काटा

“रात्री लघवीला उठावं लागतं?”

“ते ऋतूवर अवलंबून आहे,” शून्यमास्तर म्हणाले. “हिवाळ्यात दोनदा, क्वचित तीनदा. उन्हाळ्यात बहुधा एकदाच, तेही पहाटे. आता मागच्या वर्षीचंच घ्या—”

“काका, हो की नाही?”

“हो म्हटलं तर उन्हाळ्यावर अन्याय होतो.”

नर्सने ओठांवर आलेले हसू आवरले आणि ‘नाही’च्या चौकोनात खूण करून टाकली.

विमा कंपनीच्या त्या चार पानी अर्जात छत्तीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे दोनच चौकोन. दवाखान्याच्या त्या अरुंद खोलीबाहेर बाकावर आणखी सहाजण ताटकळत होते, त्यामुळे नर्सला घाई होती. मास्तरांना मुळीच नव्हती. झोप नीट लागते का, भूक कशी आहे, जिना चढताना दम लागतो का, अलीकडे वजन घटले आहे का, हे त्यांना आई गेल्यापासून अकरा वर्षांत कोणीही विचारलेले नव्हते. अर्जाची प्रत हाती पडल्यावर एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी सगळी उत्तरे वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून काढली होती. झोपेवरचेच उत्तर पाऊण पान झाले होते. वही आताही त्यांच्या मांडीवर होती.

“आजारी पडलात तर घरी बघणारं कोण?”

मास्तरांनी वही चाळली. “हा कितवा प्रश्न?”

“अर्जातला नाही हो. मीच आपलं विचारलं.”

“शेजारी आहेत,” मास्तर म्हणाले. शेजारच्या खोलीला तीन महिने कुलूप होते, ते त्यांनी सांगितले नाही.

“भावंडं?”

“एक बहीण. धाकटी.”

“प्रकृती?”

“ठणठणीत. वय पन्नास, समज सहा-सात वर्षांची. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.”

नर्सचे पेन क्षणभर थांबले. मग तिने ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिले, आणि तिच्या मनातला हा विवेक मास्तरांना फार आवडला.

धाकटी गावाबाहेरच्या एका संस्थेत राहत असे. तिथल्या मोठ्या दालनात, खिडकीखालच्या खाटेवर, तिची नऊ वर्षे गेली होती. आता संस्थेने नवा नियम केला होता: पालकाच्या पश्चात खर्चाची सोय काय, हे वर्षअखेरीपर्यंत कागदोपत्री दाखवावे; दाखवणाऱ्यांच्या माणसांना खाट कायमची, बाकीच्यांना मागच्या तात्पुरत्या दालनात हलवणार. “मास्तर, नियम माझा नाही,” व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या होत्या, “पण तुमच्यानंतर कोण, हा प्रश्न माझाही आहे.” वर्ष संपायला सात आठवडे उरले होते. विम्याचा कागद आला की खिडकी धाकटीची होणार होती, असा सरळ हिशेब होता.

“हात मोकळा सोडा. बोलू नका,” नर्स म्हणाली आणि तिने दंडाला पट्टा गुंडाळला.

मास्तर बोलायचे थांबले, परंतु मनात अजून झोपेच्या उत्तराची शेवटची तीन वाक्ये घोळत होती. ती वाचून दाखवायची राहिली होती. म्हणूनच जी गोष्ट त्यांनी तीस वर्षांत एकदाही चुकवली नव्हती, ती त्या दिवशी चुकली.

ते एका बॉयलरच्या कारखान्यात वाफेचे दाबमापक तपासण्याचे काम करीत. मेजावर कोणताही दाबमापक आला, की नळी जोडण्याआधी ते तो नुसता समोर धरून बघत. आत दाब नाही, तेव्हा काटा शून्यावर हवा. तो केसभर जरी इकडेतिकडे असला तरी पुढची तपासणी बंद. जो खरा उतरला त्याच्या काचेवर त्या वर्षाचा आकडा छापलेली हिरवी चिकटपट्टी लागे. जो नाही, त्याच्या गळ्यात ‘वापरू नये’ अशी तांबडी चिठ्ठी दोऱ्याने बांधली जाई. वरिष्ठांशी, दुकानदारांशी, एकदा तर कारखान्याच्या मालकाशीही त्यांनी या शून्यापायी वाद घातला होता आणि त्यातूनच त्यांना हे नाव मिळाले होते. त्यांच्यामागे आणि त्यांच्यासमोर सगळे त्यांना शून्यमास्तरच म्हणत.

नर्सने रबरी फुगा दाबला, हवा सोडली, कानातली नळी काढली.

“एकशे अडतीस, शहाऐंशी. एकशे चाळीसच्या आत हवं असतं, बसलात. काका, अभिनंदन!”

तिने अर्जावर आकडे लिहिले, सही घेतली आणि अर्ज ट्रेमध्ये टाकला. दंडावरचा पट्टा सुटला. आतली उरलीसुरली हवा फुस्स करून गेली. तेवढ्यात सवयीने मास्तरांची नजर मेजावरच्या यंत्राच्या तबकडीकडे गेली.

काटा शून्याखाली दहा घरे उतरून स्वस्थ बसला होता.

“काही विसरलात का?” नर्सने विचारले.

“नाही,” मास्तर म्हणाले आणि वही काखेत मारून बाहेर आले.

बाहीची गुंडी लागेना म्हणून ते बाकाच्या टोकाशी टेकले. त्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. छत्तीस प्रश्नांची उत्तरे शब्दशः खरी होती. यंत्राबद्दल अर्जात एकही प्रश्न नव्हता, आणि न विचारलेल्याचे उत्तर देण्याला कोणत्या नियमाचा आधार होता? हा युक्तिवाद त्यांनी दोनदा मांडून पाहिला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला असता तर त्यांनी तो दोन मिनिटांत उडवून लावला असता. पण खिडकी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“झालं का पास?” शेजारच्या धिप्पाड माणसाने विचारले. तो मानेमागे तळवा घासत होता. आपण ट्रक चालवतो, हे त्याने न विचारताच सांगितले.

“झालं.”

“भाग्यवान बुवा. माझं डोकं सकाळपासून ठणकतंय. मानेत तर कोणी खिळा मारलाय जणू. बायको म्हणते, आधी डॉक्टरला दाखवा. म्हटलं, आधी विमा उतरवतो, मग दाखवतो. उलटं केलं तर हे लोक जवळ उभं करत नाहीत.” तो स्वतःच्याच हुशारीवर हसला. “दोन पोरी आहेत हो.”

त्याचे नाव पुकारले गेले. दार अर्धवट उघडेच राहिले. प्रश्न भराभर झाले. त्याची सगळी उत्तरे ‘नाही’ होती. मग फुग्याची फुसफुस ऐकू आली.

“एकशे चाळीस,” नर्स म्हणाली. “अगदी काठावर आहात हं. चला, बसवते.”

जिना दहा पावलांवर होता. मास्तर उठले, जिन्यापर्यंत गेले, कठड्यावर हात ठेवला आणि तसेच मागे फिरले.

“सिस्टर, त्यांचं लिहू नका. तुमच्या यंत्राचा काटा खाली बसतोय.”

“काका, तुम्ही बाहेर थांबा बरं.”

“दाब नाही, पट्टा रिकामा आहे, आणि काटा कुठे आहे ते बघा. शून्य कुठे आहे तेही बघा.”

नर्सने पाहिले. ट्रकवाल्यानेही पाहिले. “असेल दहाचा फरक,” ती पुटपुटली, “दहा मिळवते.”

“तसं मिळवता येत नाही. खाली दहाचा फरक असला की वर तो वीस होतो, तीसही होतो. प्रत्येक तबकडीचा स्वभाव निराळा असतो. पाऱ्याचं यंत्र नाही का?”

पाऱ्याचे यंत्र कपाटावर होते. झाकण घट्ट बसते म्हणून ते कोणी काढत नसे. मास्तरांनी स्टुलावर चढून ते उतरवले, धूळ झटकली, झाकण उघडले आणि पारा शून्याच्या रेषेवर स्थिर आहे याची डोळा लावून खात्री केली.

“ओ काका,” ट्रकवाला म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात हसू नव्हते, “स्वतः पास होऊन आलात आणि माझ्या पोटावर पाय देताय? मी काय घोडं मारलंय तुमचं?”

“हात पुढे करा,” मास्तर म्हणाले.

पारा एकशे अडुसष्टवर ठोके देऊ लागला. नर्सने पुन्हा मोजले, पुन्हा तेच. ती उठली आणि आतल्या खोलीतून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी ट्रकवाल्याच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली, त्याला दंडाला धरून आत नेले आणि जाताजाता एवढेच म्हणाले, “किल्ली कोणाकडे तरी द्या. आज गाडी चालवायची नाही.” ट्रकवाल्याने जाताना मास्तरांकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की भीती, हे मास्तरांना कळले नाही.

खोलीत दोघेच राहिले. नर्सने ट्रेकडे पाहिले, मग दाराकडे.

“काका, तुमचा अर्ज ट्रेमध्ये गेलाय. संध्याकाळी माणूस येऊन घेऊन जाईल. तुमच्या वेळी काटा कुठे होता ते मी काही पाहिलं नाही.” तिने आवाज खाली आणला. “जा तुम्ही. बहिणीचं काम आहे ना?”

इतक्या मायेने त्यांच्याशी कोणी बोलून किती दिवस झाले होते, याचा हिशेब त्यांना चटकन करता येईना.

“मी पाहिलं होतं,” ते म्हणाले आणि बाहीची गुंडी सोडू लागले.

पारा एकशे चौसष्टवर थांबला. नर्सने जुने आकडे खोडले, नवे लिहिले, बाजूला सही केली. मास्तरांनी खिशातून एक तांबडी चिठ्ठी काढली, तबकडीच्या मानेला दोरा गुंडाळून दुहेरी गाठ मारली आणि वही घेऊन ते निघाले. झोपेचे उत्तर वाचायचे राहिलेच.

कंपनीचे पत्र तीन ओळींचे होते. अर्ज तूर्त स्थगित. औषधोपचार घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी मास्तर संस्थेत गेले, तेव्हा धाकटीची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. “सहा महिन्यांनी कागद आणा,” व्यवस्थापिकाबाई त्यांची नजर चुकवत म्हणाल्या, “जागा असली तर बघू.” खिडकीखाली एक बाई ओल्या फडक्याने खाटेची लोखंडी दांडी खरवडत होती. तिथे नऊ वर्षांच्या हिरव्या पट्ट्या होत्या. दर वर्षी उरलेल्या, वर्ष सरत आल्याने निकामी ठरलेल्या पट्ट्या मास्तर धाकटीला आणून देत आणि ती त्या खाटेला, पेल्याला, पेटीला, एकदा तर व्यवस्थापिकाबाईंच्या खुर्चीलाही लावीत असे. फक्त स्वतःला मास्तर ती लावू देत नसत. ती पट्टी घेऊन आली की ते हात मागे घेत आणि गंभीरपणे सांगत, “अंहं. माझी तपासणी व्हायचीय अजून.” मग ती खदखदून हसे. हा त्या दोघांचा एकुलता एक विनोद होता.

मागचे दालन लांबट होते. उजेडासाठी छताशी एक झरोका होता. मास्तरांनी पेटी नव्या खाटेखाली सरकवली, चादर ताणून घातली, चारही कोपरे सारखे केले. धाकटी कोऱ्या दांडीवरून बोट फिरवीत होती.

“दाद्या, खिडकी?”

“ती दुसऱ्या कोणाला हवी होती.”

“का?”

मास्तरांनी खिशातून या वर्षाच्या उरलेल्या पट्ट्यांचे भेंडोळे काढून तिच्या हातात दिले. ती आता दांडीला पहिली पट्टी लावील, म्हणजे खाट तिची होईल, असे त्यांना वाटले होते. तिने एक पट्टी सोलली, बोटाच्या टोकावर घेतली आणि वळून त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळ्यांत जुने हसू तयार होते.

“झाली तपासणी?”

मास्तरांनी हात मागे घेतला नाही.

“झाली,” ते म्हणाले.

ती हसायची थांबली. मग अतिशय काळजीपूर्वक, जीभ दातांत धरून, तिने ती हिरवी पट्टी त्यांच्या मनगटावर बसवली आणि कडा निघू नयेत म्हणून अंगठ्याने दोनदा दाबली.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मास्तर उभ्यानेच आले. बाहीने कडा घासू नये म्हणून त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली होती आणि वरची दांडी धरायला ते सगळ्या वाटेने उजवा हातच वापरीत होते.