आडव्या बाटलीच्या सात मैत्रिणी

मंजूषा मॅडमचं अन् माहं काही बांधाचं भांडण नाही. तिचा नवरा बँकेत मॅनेजर, माहा नवरा हैद्राबाद रोडवर ट्रक चालवते. ती ब्लाऊज शिवाले माह्याकडं येते, मी शिवून देते. पण तिचं नाव निघालं का माह्या डोक्याची शीर तडकते, अन् काहून तडकते ते आज सांगूनच टाकते.

दोन वर्षाआधी बँकेच्या कोणत्यातरी ट्रेनिंगपायी ते दोघं नवरा-बायको नाशकाले गेलते. तिथून ही बाई वाईन शिकून आली. लोक नाशकाहून द्राक्षं आणते, मनुका आणते, हिनं शौक आणला. मंग गावातल्या आणखी सहाजणी जमवल्या. कृषी केंद्रवाल्याची बायको, डॉक्टरची बायको, दोन मास्तरणी, अशाच. दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी बैठक. नियम असा का बाटली पाचशेच्या आत पाहिजे. जिले नवी, स्वस्त अन् चवीची सापडली तिनं आणाची, बाकीच्यायनं दहापैकी मार्क द्याचे. ग्लास नागपूरचे, चिवडा घरचा.

एकदा ब्लाऊज द्याले गेलती तं मी हा तमाशा डोळ्यानं पाह्यला. मंजूषा मॅडम ग्लास गरगर फिरवून राह्यली, नाक आत घालून हुंगून राह्यली. "हिच्यात ना, लाकडाचा वास आहे," म्हणते. बाकीच्यायनं लगेच डोळे मिटले अन् लाकूड शोधलं. अवं, लाकडाचाच वास पाहिजे तं आरा मशीनवर जाऊन बस ना माय, फुकट भेटते! मलेही घोटभर देल्ली. आंबलेल्या जांभळाच्या रसात चहापत्ती धुतल्यासारखी लागली.

"कशी आहे गं, नलू?"

"दारू आहे," मी म्हटलं.

तं सातही जणी अशा हासल्या, जशी मी विमानाले चिलगाडी म्हटली. "अगं वेडे, वाईन म्हणजे दारू नाही. दारू ती, तिकडे बस थांब्यावर मिळते ती."

बस थांब्यावरची दारू मले कोणी शिकवाची गरज नव्हती. आमच्या गावचं दारूचं दुकान थांब्याले लागूनच आहे. माही खुशी महागावले बारावीत जाते, सायन्स घेतलं तिनं. सकाळच्या बसले उभी राह्यली का दुकानाच्या ओट्यावर दोन-चार मुडदे बसलेच राह्यते. कोणी गाणे म्हणते, कोणी वाट अडवते. दिवाळीनंतर एकानं तिचा हात धरला. पोरगी रडत घरी आली अन् माह्या सासऱ्यानं, मारोतरावनं, फैसलाच करून टाकला. "दुकान राहीन तं पोरगी घरात राहीन. मी पावने पाहातो." नवऱ्याले फोन लावला तं तो म्हणे, बाबा म्हणन ते. मी सासऱ्याच्या पाया पडली. म्हटलं, दारूबंदीचं मतदान होऊ द्या, दुकान बंद झालं तं पोरीले शिकू द्या. "बंद झालं तं माही ना नाही," म्हणाले. म्हातारा कडक आहे, पण शब्दाचा पक्का.

हे मतदान बायायचंच राह्यते. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीत जेवढ्या बाया आहे त्याच्या अर्ध्याच्या वर शिक्के आडव्या बाटलीवर पडले पाहिजे. म्हणजे जे बाई मत टाकाले आलीच नाही, तिनं दुकानालेच हातभार लावला असं समजा. हे मतदान मागाले आधी गावातल्या बायायच्या सह्या लागते. बचत गटाच्या इंदूबाईनं अन् मी घरोघरी हिंडून त्या जमवल्या. इंदूबाईचे गुडघे गेलेले, तरी माय बंजाऱ्यायच्या तांड्यापर्यंत पायी आली. तिथल्या भुरीबाईनं आपल्या गोरबोलीत साऱ्या बायायले समजावून सांगतलं.

अन् दारूबंदी समितीची अध्यक्ष कोण? मंजूषा मॅडम! इंदूबाईच म्हणाली, "शिकेल बाई आहे, सायबासमोर बोलन तरी." बोलली ना. "भगिनींनो, व्यसनानं संसार उद्ध्वस्त होतात!" टाळ्या पडल्या. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! त्याच शनिवारी त्याच तोंडानं लाल घोट. अन् बाटली कुठून याची? त्याच दुकानातून. दुकानवाल्या शेठनं ह्या सातजणीसाठी एक लहान फ्रीज ठेवला होता, नोकर पिशवीत घालून घरपोच द्याचा. मी इंदूबाईपाशी बोंबलली तं ते म्हणे, "पेऊ दे वं. सात मतं तं आपले आहे ना?"

आम्हाले वाटलं, शेठ आता साड्या वाटन, पैसे वाटन. आम्ही गल्लीगल्लीत डोळ्यात तेल घालून बसलो. पण शेठ बारा गावचं पाणी पेलेला. त्यानं एक साडी नाही वाटली. त्यानं फकस्त मंजूषा मॅडमले सांगतलं का नाशकाच्या एका द्राक्षमळ्यात सहल आहे, राहणं, खाणं अन् चाखाले वीस तऱ्हेच्या वाईन. तुम्ही माहे खास गिऱ्हाईक, तुम्हाले अर्ध्या भावात. तारीख मातर बदलणार नाही, शनिवार-रविवार. मतदान त्याच रविवारी होतं. ह्या बायायले शेठचा डाव समजला नाही, का समजून घ्याचाच नव्हता, हे मले अजून उमगलं नाही. दोन्हीतलं काहीही असलं तरी थू आहे.

मले हे शुक्रवारी समजलं. मॅडम ब्लाऊजची घाई कराले आली. "आजच पाहिजे गं, उद्या पहाटे गाडी निघते."

"मॅडम, रविवारी मतदान आहे!"

"अगं, आमच्या सात मतांनी काय होतंय? एवढं वातावरण केलंय मी! आणि अर्ध्या भावात परत कधी मिळणार? चारशेच्या आतल्या इतक्या सुंदर बाटल्या आहेत म्हणे तिथे."

मी लाज सोडून तिचे हात धरले. म्हटलं, माह्या पोरीचं शिक्षण ह्याच्यावर अडलं आहे, आजा तिचं लग्न लावून टाकते. तिनं माह्या खांद्यावर थोपटलं. "होईल गं सगळं नीट. पॉझिटिव्ह राहा." ब्लाऊज मी देल्लं शिवून. बाह्या जराशा कसून शिवल्या. तेवढंच माह्या हातात होतं.

रविवारी बाया कापूस वेचणं सोडून आल्या. भुरीबाईनं ट्रॅक्टर भरून तांडा आणला. एका म्हातारीले तिच्या सुनेनं पाठकुळी घेऊन आणलं, अन् त्या सुनेचा नवरा शेठच्याच दुकानात कामाले आहे, बोला! इंदूबाई दिवसभर उन्हात उभी होती. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीले पाच मतं कमी पडले. दुकानाच्या ओट्यावर फटाके फुटले, पेढे वाटले. इंदूबाई शाळेच्या आवारात मातीतच बसली अन् पोरासारखी रडली. घरी खुशीनं बसचा पास आज्याच्या हातात देल्ला. म्हाताऱ्याचेही डोळे भरले, पण शब्द म्हणजे शब्द.

मंगळवारी मंजूषा मॅडम हजर. उन्हानं नाक लाल, हातात बाटली. "नलू, फार वाईट झालं गं. आपल्या लोकांत जागृतीच नाही. हे घे, तुझ्यासाठी आणलीय. तीनशे ऐंशीला! या सहलीतला आमचा सगळ्यात मोठा शोध."

बैल गेला अन् झोपा केला, अन् तो झोपाही बाटलीचा!

"मॅडम," मी म्हटलं, "पाच मतं कमी पडले."

"हो ना! फक्त पाच!"

"तुम्ही सात होत्या."

तिच्या तोंडावर हिशोब उतरताना मले दिसला. मले वाटलं, आता तरी मान खाली घालन. कशाची घालते! "पण आमची सहल तर आधीच ठरली होती ना," म्हणते. "आणि पुढच्या वर्षी परत घेता येतं मतदान."

"पुढच्या वर्षी माही पोरगी लोकाच्या घरी भाकरी थापत असन! तिले काय सांगू, का तुह्या शिक्षणापेक्षा सात बायायले लाकडाचा वास मोठा वाटला? न्या हे बाटली. माह्या उंबऱ्यावर ठेवू नका." मी बाटली तिच्या छातीशी लोटली.

तेवढ्यात मारोतराव गोठ्याकडून आले. त्यायले शिकलेल्या माणसाचा लय मान. त्यायनं हात जोडले. "मॅडम, सुनेचं मनावर घेऊ नका, तिचं डोकं तापेल आहे. येत्या रविवारी पोरीले पाहाले पुसदचे पावने येऊन राह्यले. तुम्ही मैत्रिणीयले घेऊन या ना बसाले. शिकेल बाया घरात दिसल्या तं पावन्यावर वजन पडते."

खुशी दारामागं उभी होती. मॅडमनं फोन काढला, बोटानं तारखा सरकवल्या, अन् तिचं तोंड उजळलं.

"रविवारी? हो हो, काका. या रविवारी आम्ही सगळ्याच गावात आहोत."

अन् आल्या ना बाप्पा. वेळेवर आल्या, सातच्या सात.