सरांचं रक्त

चार महिन्यांत आमच्या संस्थेतल्या तीन धडधाकट माणसांचं रक्त सरांनी नापास केलं.

सरांनी एक अँटिबॉडी बनवली होती. रक्तातल्या टी पेशींच्या अंगावर रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं, जवळजवळ प्रत्येकीचं वेगळं. माझ्या दादाला रक्ताचा कर्करोग होता. त्याची एकच टी पेशी बिघडली होती आणि तिची लाखो पिल्लं झाली होती; त्या सगळ्यांचा रिसेप्टर एकसारखा. सरांची अँटिबॉडी म्हणे तेवढाच ओळखणार, त्या पेशी मारणार आणि बाकीच्यांना हात लावणार नाही. पहिला डोस सोमवारी, दादालाच. "घरचं माणूस म्हणून," सर म्हणाले होते, आणि मी चक्क रडले होते.

मग सरांच्या प्रयोगशाळेत मी निरोगी माणसांचं रक्त तपासलं. वॉचमनच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव टी पेशींना ती चिकटली. ग्रंथपाल बाईंचं तेच, ड्रायव्हरचंही तेच. म्हणजे डोस दिला की दादाच्या चांगल्या पेशीही साफ होणार, आणि साध्या सर्दीनेही तो जाणार.

"वॉचमनचं रक्त शिळं असेल," सर म्हणाले. ग्रंथपाल बाईंना म्हणे अ‍ॅलर्जी होती. ड्रायव्हरबद्दल काही सुचेना, म्हणून त्याचा आलेखच काढून टाकला. "तू अहवालावर सही कर. शंका काय, कुणीही काढतं."

भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "सर, तुमच्याइतकं निरोगी रक्त संस्थेत कुणाचं आहे? मंजुरी देणाऱ्या समितीला तेच दाखवू या ना."

शुक्रवारी सकाळी सरांनी स्वतःहून बाही वर केली.

दुपारी समितीसमोर पडद्यावर त्यांचा आलेख लागला. अठ्ठ्याण्णव टक्के. समितीच्या डॉक्टर बाईंनी अहवाल पुन्हा चाळला. "यात लिहिलंय, एवढी चिकटली म्हणजे आजार आहेच. सर, सोमवारी तुम्हालाही डोस देऊन टाकू या?"

सरांचा हात गळ्याशी गेला, आजाराची गाठ आहे का ते चाचपायला. रक्त शिळं म्हणायची सोय नव्हती.

"नको," ते म्हणाले. "या अँटिबॉडीचा काही भरवसा नाही."

इतिवृत्तात तेवढंच वाक्य गेलं आणि डोस रद्द झाला. दादा वाचला म्हणून मी जवळजवळ धावतच घरी आले.

दादा बॅग भरून बसला होता. "सोमवारी किती वाजता जायचं गं?" त्याने विचारलं.