होडीची दुसरी बॅटरी

मुलांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि तुमच्या गल्लीत छातीइतकं पाणी आलंय असं समजा. ओटे, पायऱ्या, सायकली, सगळं पाण्याखाली. तुम्ही घराच्या माळ्यावर बसला आहात. दुरून इंजिनाच्या होडीचा आवाज येतो. होडीवरचा कर्णा विचारतो, "आत कोण हाय का?" तुम्ही जीव तोडून ओरडता, पण होडी तशीच पुढे निघून जाते.

सांगलीजवळच्या, कृष्णेकाठच्या एका गावात राजमती आज्जींच्या वाट्याला हेच आलं. घरचे सगळे मिरजेला पाहुण्यांकडे गेले होते आणि पाणी एका दिवसात चढलं. चौथ्या दिवशी आज्जी सापडल्या. जिवंत होत्या, पण पार थकलेल्या. दवाखान्यात आठ दिवस काढून त्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी नातीला, ब्राह्मीला, सांगितलं की होडी दोनदा दारावरून गेली आणि दोन्ही वेळा आपण ओ दिली.

ब्राह्मीने हे कुणालाच सांगितलं नाही. होडी धुळाकाका चालवत होते आणि त्यांनी त्या पुरातून सत्तर माणसं बाहेर काढली होती. अशा माणसाला हे कसं सांगायचं?

दोन वर्षांनी मे महिन्यात ग्रामपंचायतीने त्याच फायबरच्या होडीवर नवे कर्णे बसवायला घेतले. कामाला आष्ट्याचा इंद्रजित वायरमन आला. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर स्पीकर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याने काढलेली आकृती त्याला स्वतःलाच कळत नसे. म्हणून त्याने सातवीतल्या ब्राह्मीला पट्टी-पेन्सिल घेऊन समोर बसवलं. तो सांगेल तसं ती काढत गेली. दोन कर्णे पुढे, दोन मागे. अॅम्प्लिफायर बाकाखाली, पाणी शिरणार नाही अशा डब्यात.

प्रत्येक कर्ण्याला त्याने एकच वायर सांगितली. ट्रॅक्टरवर तसंच चालतं, कारण दुसऱ्या वायरीचं काम ट्रॅक्टरचं लोखंडी अंग करतं. धुळाकाका शेजारी बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "गड्या, ही होडी हाय. हिच्या अंगात लोखंड न्हाई." इंद्रजितने जीभ चावली. ब्राह्मीने प्रत्येक कर्ण्याला दुसरी वायर काढली.

मग बॅटरीची पाळी आली. इंद्रजितने इंजिनाचीच बॅटरी कर्ण्यांना जोडायला सांगितली. धुळाकाकांना चार कर्णेही कमी वाटत होते. मागच्या वेळी आपला आवाज माणसांपर्यंत पोचला नाही, म्हणून या वेळी सहा बसवा, असा त्यांचा आग्रह होता.

ब्राह्मीची पेन्सिल थांबली. आता गप्प राहिलं तर सहा कर्ण्यांची होडीही दारावरून तशीच निघून जाईल, हे तिला कळत होतं.

"काका, आवाज पोचला होता," ती खाली बघत म्हणाली. "आज्जीनं दोन्ही वेळा ओ दिली. तुमच्या इंजिनाच्या आवाजात ती ऐकू आली न्हाई."

धुळाकाकांचा मळणारा अंगठा थांबला.

"ठावं हाय, पोरी," ते म्हणाले. "इंजिन बंद केल्याबिगर ऐकू येत न्हाई, ते ठावं हुतं मला. पर दिसभर कर्णा वाजून बॅटरी उतरली हुती. होडीत अकरा माणसं. धारंत इंजिन बंद केलं अन् परत लागलंच न्हाई तर? म्हणून न्हाई केलं."

इंद्रजितने कागद पुढे ओढला आणि बॅटरीपासून कर्ण्यांकडे जाणारी रेघ खोडली. मुलांनो, इंजिन सुरू होताना क्षणभर बॅटरीतून खूप वीज ओढतं. अॅम्प्लिफायर थोडीथोडी ओढतो, पण दिवसभर. दोघांना एकच बॅटरी दिली तर इंजिनाच्या वेळेला ती रिकामी निघते. म्हणून इंद्रजितने कर्ण्यांसाठी वेगळी बॅटरी मांडायला सांगितली. तिच्या जाड वायरी सरळ अॅम्प्लिफायरला आणि बॅटरीच्या अगदी जवळ एक फ्यूज, म्हणजे वायर कुठे चिकटली तरी आग लागायची नाही. इंजिनाच्या बॅटरीला यातलं काहीच जोडायचं नाही. कर्णे चारच राहिले. सहाचा विषय धुळाकाकांनी पुन्हा काढला नाही.

आठ दिवसांनी होडी घाटाला लावून त्यांनी पाहिलं. तासभर कर्णे वाजवले आणि इंजिन पाच वेळा बंद करून पाच वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी ते चटकन लागलं. मग तिघं नदीच्या मध्यावर गेले. ब्राह्मीने माईकवरून काठावरच्या माणसांना हाक दिली. आता इंजिन बंद करून त्यांची ओ ऐकायची होती.

धुळाकाकांचा हात चावीवर गेला आणि तिथेच राहिला. घाटावर पाच वेळा फिरलेली चावी पाण्याच्या मध्यावर त्यांच्याने फिरवेना.

ब्राह्मीने माईक खाली ठेवला. ती वाकली, काकांच्या हातावर आपला हात ठेवला आणि त्या हातासकट चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग ती काठाकडे तोंड करून ऐकत राहिली.