चांगोच्या शेतावरची पाटी

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. शाळेत मांडीवर घेऊन गिरवतात ती नव्हे, मित्रांनो. शेताच्या बांधावर खांब रोवून ठोकतात, ती. आज मी शहापूरकडच्या शेणवे गावाच्या वरच्या अंगाला, उंबरवाडीत, शेळ्यांच्या खोपीला आडवी बांधलेली आहे. शेळ्या माझ्यावर अंग घासतात. घासू देत बापड्या. माझ्या हातून माणसांचं तर काडीचं भलं झालं नाही, निदान शेळ्यांची खाज तरी भागते.

माझा जन्म याच डोंगरातला. साग तोडला गेला, शहापुरात करवतीखाली त्याच्या फळ्या पडल्या. माझ्या बहिणी दारं-खिडक्यांना गेल्या. मला मात्र शेतकी खात्याच्या कचेरीत नेलं. रंगाऱ्याने पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि वर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलं: ‘शेतकी खाते. सुधारलेल्या भातलागवडीचे नमुना शेत. शेताचा मालक चांगो नवसू ठाकूर. पाहण्यास सर्वांनी यावे.’

हे साल एकोणीसशे सदतीस. मी काय फुगले होते म्हणून सांगू! सरकारने तेव्हा मनावर घेतलं होतं की खेड्यातल्या माणसाला शेतीचं नवं शिक्षण द्यायचं. पुस्तक देऊन उपयोग नाही, कारण वाचतो कोण? म्हणून एकेका वाडीतलं एक शेत घ्यायचं, तेच शाळा करायचं, बघून बघून बाकीचे शिकतील. विचार चांगला होता. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

उंबरवाडीला हे शिकवायला परुळेकर नावाचे शेतकी अधिकारी येत. माणूस मनाचा सरळ. आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. म्हणजे झाडांच्या फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचं आणि त्या राखेत भात पेरायचं. परुळेकर म्हणाले, जाळू नका, तोच पाला खड्ड्यात कुजवा. सरकारी बियाणं पेरा, दोरी धरून ओळीने रोपं लावा. सगळी वाडी माना खाली घालून ऐकत राहिली. बापजाद्यांपासून चालत आलेला राब कोण सोडणार? एकटा चांगो तेवढा म्हणाला, एक वर्ष करून बघतो.

चांगोजवळ भाताचं एकच खाचर होतं. त्याच्या बापाने, नवसूने, दगड वेचून वेचून ते केलेलं. त्यात पिकलं तर घरात भात, नाही तर कंद उकडून खायचे. त्याच्या बायकोने, जिवलीने, त्याला हे बजावून सांगितलं होतं. पण चांगोचा परुळेकरांवर विश्वास बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते स्वतः त्याच्याबरोबर खड्डा खणायला उतरले होते. असा साहेब त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मी आले आणि घात झाला.

मला बैलगाडीतून एक शिपाई घेऊन आला. त्या दिवशी परुळेकर मुरबाडकडच्या दुसऱ्या शेतावर होते, चांगो गवताला गेला होता. शिपायाने खांब रोवला, मला चार खिळ्यांनी ठोकलं, लोटाभर पाणी प्यायला आणि निघून गेला. थोड्या वेळाने शेजारचा रघू आणि त्याची बायको भागी बांधावर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता कौतुक होणार. त्यांचे चेहरे मात्र उतरले होते.

त्याचं कारण ऐका. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीच्या उतारावर अशीच एक पांढरी पाटी लागली होती. ती राखीव जंगलाची. त्या दिवसापासून तिथे ढोर चारायला बंदी, फांदी तोडायला बंदी, नाचणी पेरायला बंदी. सरकारी पाटीचा या माणसांना एवढा एकच अर्थ माहीत होता. पाटी लागली, म्हणजे जागा गेली.

चांगो घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला की जागा माझीच आहे, ही फक्त शिकण्यासाठी केलेली खूण आहे. रघूने त्याला शांतपणे विचारलं,

“मंग पाटीवर काय लिवलंय, ता सांग.”

चांगो माझ्याकडे बघू लागला. त्याला कुठे वाचता येत होतं? अख्ख्या वाडीत कोणाला येत नव्हतं. मित्रांनो, त्याचं नाव माझ्या छातीवर होतं. ‘मालक’ हा शब्द त्या नावाला खेटून होता. मी ओरडले असते, पण लाकडाला तोंड कुठलं?

आता लावणीचं ऐका. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. आज सगळी वाडी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही सगळ्यांच्या शेतात. याला सावड म्हणतात. रोप तयार झालं की आठ-दहा दिवसांत ते शेतात गेलं पाहिजे, नाही तर जून होतं. त्या वर्षी चांगोच्या सावडीला कोणी आलं नाही. ते त्याच्यावर रागावले नव्हते, ते घाबरले होते. सरकारच्या जागेत पाय ठेवला तर उद्या आमच्याही बांधाला पाटी लागेल, असं ते म्हणत. आणि त्याच्या शेतात जायचं नाही असं ठरल्यावर त्यांनी त्यालाही आपल्या सावडीला बोलावलं नाही.

चांगो आणि जिवली दोघंच वाकून वाकून लावत राहिली. अर्धं खाचर झालं. उरलेलं रोप तसंच उभ्या उभ्या पिवळं पडलं.

पण जे अर्धं लावलं होतं ना, ते दसऱ्याच्या सुमाराला बघायला हवं होतं तुम्ही. लोंबी इतकी भरली होती की दाणा मोजायचा कंटाळा यावा. परुळेकरांनी शेत पाहण्याचा दिवस ठरवला, आसपासच्या वाड्यांत निरोप धाडले. त्या दिवशी ते सकाळपासून बांधावर बसून राहिले. दुपार कलली. एक माणूस फिरकला नाही.

जिवली साहेबांपुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

“साहेब, ही पाटी काढा. पाटी हाय तवर मानूस यायचा नाय.”

परुळेकर कसनुसं हसले. म्हणाले, पाटी काढून कसं चालेल, तिच्यामुळेच तर लोकांना कळतं की इथे काय आहे. आणि तीन वर्षं ती हलवायची नाही असा हुकूमच आहे. मग त्यांनी वही काढली आणि लिहिलं की येथील लोकांना नवे शिकण्याची आवड नाही. अहो, एकदा, फक्त एकदा त्यांनी मला लोकांपुढे मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं! पण त्या भल्या माणसाला वाटलं, लिहिलं आहे म्हणजे सांगितलंच आहे. मला आजही त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांची बदली झाली. जाताना ते चांगोला सांगून गेले की घरचं बियाणं राखू नकोस, खात्याचं नवं येईल. चांगो शब्दाला जागणारा. त्याने घरचं भात कांडून खाल्लं. सगळ्या डोंगरावर इतरांचे राब जळले, धूर विरला, आभाळ भरून आलं, तरी बियाणं आलं नाही. शेवटी तो पायी शहापूरला गेला. कचेरीतल्या नव्या माणसाने वही चाळून सांगितलं, उंबरवाडीचं नाव काढून टाकलं आहे, तिथल्या लोकांना आवड नाही.

चांगो परत आला आणि माझ्या खांबाला टेकून बसला. भागीने घरात न सांगता दोन पायल्या बियाणं आणून दिलं, पण तोवर उशीर झाला होता आणि सावडीला याही वर्षी कोणी नव्हतं. खाचरात गवत उभं राहिलं. दिवाळीनंतर चांगो आणि जिवली कसाऱ्याला रेल्वेची खडी फोडायला गेली. जाताना त्याने मला उपटून का फेकलं नाही? कारण मी सरकारची. मला हात लावला तर बेड्या पडतील, असं त्याला वाटे. मला वाटतं, अखेर अखेर त्यालासुद्धा खरं वाटू लागलं होतं की जागा आपली राहिली नाही.

एकोणचाळीसात, मोठी लढाई सुरू झाली त्या साली, चांगो कसाऱ्यातच हिवतापाने गेला.

पुढे खांब कुजला आणि मी तोंडघशी पडले. बरीच वर्षं मला कोणी शिवलं नाही. मग भीती झिजली तशी रघूने मला उचललं आणि खोपीला बांधलं, अक्षरं आतल्या बाजूला.

गेल्या साली, स्वराज्य येऊन वर्ष झाल्यावर, जिवली वाडीत आली. आता केस पिकलेले. ती किन्हवलीला शाळेत पाणी भरते. तिथल्या सरस्वतीबाई दुपारच्या वेळी बायकांना अक्षरं शिकवतात, तिथे तीही बसते. भागीशी बोलता बोलता ती शेळ्यांना पाला टाकायला आत आली आणि थबकली. पदर ओला करून तिने माझ्यावरची घाण पुसली. मग खाली बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. तिला किती वेळ लागला! ‘चांगो’वर आली तेव्हा तिचं बोट थांबलं. मग ती एक शब्द मागे गेली, आणि पुन्हा पुढे आली.

“भागे,” ती म्हणाली, “हितं त्याचं नाव हाय. शेताचा मालक म्हनून.”

भागी दारात उभी राहिली.

“मंग आमाला कोनी सांगितला का नाय गो?”

जिवलीचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

“आनि खाली लिवलंय,” ती म्हणाली, “समद्यांनी या.”

दोघी शेळ्यांच्या लेंड्यांत बसून रडल्या. भागी म्हणाली, पाटी घेऊन जा. जिवली म्हणाली, नेऊन कुठे लावू?

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या शिकून मोठं होईल, कोणी सरकारात जाईल. गावोगाव पाट्या लावाल, चांगल्याच गोष्टींच्या लावाल. माझी एवढीच विनवणी आहे की खिळा ठोकण्याआधी ती पाटी वाचून दाखवा, आणि समोरच्याचे डोळे बघा. कोणी म्हणालं, ही पाटी काढा, तर का म्हणून विचारा.

भागीने मला पुन्हा बांधलं, पण या वेळी अक्षरं बाहेर केली. वाटेने जाणाऱ्याला मी अजून सांगते आहे की हे शेत चांगो नवसूचं, पाहण्यास सर्वांनी यावे. त्या खाचरात आता करवंदीची जाळी आहे. पाहण्यासारखं काही नाही.