लिपा-७ च्या नोंदी

दन्यूब नदीकाठच्या आमच्या रूसे शहराचे जुने फोटो लोक एका संकेतस्थळावर टाकतात. कोणीही टाकावेत, खाली चार ओळी लिहाव्यात. माझा प्रबंध याच लोकांवर होता. त्यातलं एक टोपणनाव मला सोडवेना: लिपा-७. आठशे बारा फोटो, आणि सहा वर्षांपूर्वी नोंदी अचानक बंद.

फोटो साधेच होते, पण खालच्या ओळी वाचताना मी अभ्यास विसरायचे. ‘पेत्को न्हावी. केसांपेक्षा दुसऱ्यांचं बोलणं जास्त कापायचा.’ ‘या बाकावर माझ्या सँडलचा पट्टा तुटला, घरापर्यंत अनवाणी आले.’ मी लहानपणी ज्या रस्त्यांनी शाळेत जायचे, ते सगळे तिथे होते.

महिनाभर फोटो पाहिल्यावर लक्षात आलं, बहुतेक सगळे माणसाच्या उंचीपेक्षा वरून घेतलेत, आणि रस्ते सात नंबरच्या ट्रॉलीबसचे आहेत. डेपोत चौकशी केली. तिथली बाई हसली. “दोब्री ड्रायव्हर असणार! थांब्यावर प्रवासी ओरडायचे आणि हा कॅमेरा काढून बसायचा.”

दोब्रीकाका दन्यूबजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होते. वय ऐंशीच्या पुढे. दार उघडल्या उघडल्या मी विचारलं, “मी रालित्सा. लिपा-७ तुम्हीच ना?”

“अर्धा,” ते म्हणाले. “आत ये, बानित्सा गरम आहे.”

चीजची ती पोळी खाता खाता कळलं, फोटो त्यांचे, लिहायची त्यांची बायको नेवेना. ती गेली आणि नोंदी थांबल्या. कपाटावरच्या बुटांच्या खोक्यात अजून दोनेकशे फोटो होते.

“मग टाकत का नाही, काका?”

“खाली काय लिहू? ‘दुकान’? ‘झाड’? मला थांबे आठवतात, पोरी. माणसं तिला आठवायची.”

मी खोकं पुढे ओढलं. तिसऱ्याच फोटोत एका हिरव्या दारात एक बाई उजव्या हातात सुई धरून बसली होती. “ही मिंका शिंपीण! माझा शाळेचा गणवेश हिने शिवला. तोंडात टाचण्या धरून रागवायची, एकही पडायची नाही.”

काका खो खो हसले. “हेच लिही की!”

अभ्यासाच्या विषयात आपण स्वतः उतरायचं नसतं, हे प्राध्यापकांनी मला बजावलं होतं. मी लिहिलं. तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. “तिच्या नावावर नको हं. तिचं अक्षर वेगळं, तुझं वेगळं. खाली लिही, रालित्साने सांगितलं.”

त्यानंतर दर गुरुवारी मी जात राहिले. मला आठवेल तेवढं मी लिहायचे, बाकीचे फोटो नुसत्या थांब्याच्या नावानिशी टाकायचो. आणि लोक उत्तरं देऊ लागले. कोणी लिहिलं, ‘मिंका नव्हे, तिची बहीण स्तोइका. मिंका डावखुरी होती.’ दुसऱ्याने त्यालाच खोटं पाडलं.

काका चष्मा सरकवून ते भांडण दोनदा वाचायचे. “बघ, कसे तुटून पडलेत! नेवेना असती तर यांना पुरून उरली असती.” मग डोळे पुसून पुढचा फोटो काढायचे.

प्रबंध सादर करताना मी लिपा-७ वरचं प्रकरण काढून टाकलं. कारण विचारल्यावर प्राध्यापकांना खरं ते सांगितलं, की आता मीही तिथे लिहिते. ते म्हणाले, “रेल्वे वसाहतीचे फोटो आहेत का हो त्यांच्याकडे? आम्ही तिथे राहायचो.”