नमुना खाटेखाली

२००७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, माझी आई मृणाली विद्यार्थिनी झाली. त्याआधी पंधरा वर्षं ती मानकोलीच्या एका कंपनीतून सोडावॉटरच्या कारखान्यांना कार्बन डायऑक्साइडचे टँकर पाठवत होती. आता तोच गॅस खडकात कायमचा जिरवता येतो का, यावर तिला संशोधन करायचं होतं. मुंबईच्या एका मार्गदर्शक सरांनी तिला घेतलं, पण म्हणाले, खडकाचे नमुने आणि यंत्र ठेवायला सोमवारपर्यंत जागा दाखवा, नाहीतर दुसऱ्याला घेतो.

जागा होती. वळ गावात माझ्या केसरीनाथ आजाचे गोदामाचे चार गाळे, त्यातला एक रिकामा. पण आजाचा नियम सुनेलाही माफ नव्हता. गाळा मागणाऱ्याने मालाचा नमुना आजाच्या खाटेखाली ठेवायचा आणि वर आजाने दुपारची झोप काढायची. वास आला नाही, गळलं नाही, उंदीर फिरकले नाहीत, तर करार. मिरचीवाला नापास झाला तेव्हा आजाच्या शिंका मोजायला माणूस ठेवावा लागला होता.

आईने दगड आणला. गॅस यात ठेवणार, म्हणाली.

"ह्यो तर डबा झाला," आजा म्हणाला. "माल कुठं हाय?"

मग तिने परातीत पावशेर सुका बर्फ आणला, म्हणजे गोठवलेला तोच गॅस. मोकळ्या ओटीवर खाटेखाली परात सरकवली, धूर निघू लागला. आजा ढगावर निजलेल्या देवासारखा दिसत होता. पुतळाबाई आजीने हळूच हात जोडले.

तीनला आजा उठला. परात कोरडी ठणठणीत.

"माल कुठं गेला गो, सूनबाई?"

"मांजरानं न्हाय खाल्ला," आजी म्हणाली. "मी बघत हुते."

आईचा चेहरा पडला होता, पण ती खरं तेच बोलली. "उडाला, बाबा. तो असाच उडतो. उडू नये म्हणूनच तर दगडात कोंडायचा."

"म्हंजे पळणारा भाडेकरू?"

"तसंच."

आजाच्या चेहऱ्यावर एकदम जिव्हाळा आला. पळालेले भाडेकरू शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यांना कोंडायचं शिक्षण असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"किती दिवस कोंडायचा?"

"हजार वर्षं तरी."

"करार अकरा महिन्यांचाच व्हईल. पुढं कुणाल वाढवत ऱ्हाईल."

कुणाल म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही.

सोमवारी टेम्पो लागला. आजा स्वतः दारात उभा राहून हमालांवर ओरडत होता, "सावकाश रे! माल नाजूक हाय!" माल अजून आलाच नव्हता, नुसते दगड होते. आई बाजूला डोळे पुसत होती. आमच्या घरात थँक्यू म्हणायची पद्धत नाही, म्हणून तिने आजाला लागोपाठ तीन चहा दिले. आजाने तिन्ही प्यायले.